स्नॉर्कल काढला आणि मधला पिकअप गेला: एअरबॉक्स नेमकं करतो काय?

चौथा_स्ट्रोक (धागाकर्ता)

मोटरसायकलचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, एअरबॉक्स (फिल्टर बसवलेली, इंजिनाला हवा पुरवणारी बंद पेटी) काढून पॉड फिल्टर (इंजिनाच्या हवेच्या तोंडावर थेट आवळलेला उघडा फिल्टर) लावला तर किती पॉवर वाढेल? उत्तरंही ठरलेली असतात. एक गट म्हणतो, कंपनीने गळा आवळलाय, मोकळा करा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, कंपनीच्या इंजिनिअरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पेटीच्या आत आणि तिच्या स्नॉर्कलमध्ये (बाहेरून हवा आणणाऱ्या नळीत) काय घडतं याबद्दल मात्र दोघेही अवाक्षर काढत नाहीत. म्हणून हा वेगळा धागा.

आधी हिशोब मांडतो. ३५० सीसीचं सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्या) फिरतंय असं धरा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा इनटेक (हवा आत ओढणं), म्हणजे सेकंदाला ५० वेळा. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं मानलं तर सेकंदाला साडेसतरा लिटर हवा लागते. आकडा साधा दिसतो, पण इंजिन असा सलग श्वास घेत नाही. ७२० अंशांच्या चक्रात इनटेक व्हॉल्व्ह साधारण २५० अंश उघडा असतो, म्हणजे २० मिलिसेकंदांतले जेमतेम ७. तेवढ्यात ३५० सीसी आत घ्यायची तर त्या वेळेपुरता ओढीचा वेग होतो सेकंदाला ५० लिटर. उरलेले १३ मिलिसेकंद ओढ शून्य.

ही हवा ३५ मिमी व्यासाच्या नळीतून येते असं समजू. नळी थेट इंजिनाला जोडली तर तिच्यातला वेग सेकंदाला सुमारे ५२ मीटर होतो. तीच हवा सलग वाहू दिली तर १८ मीटर. दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दोन्हींत आठपटीचा फरक पडतो. नळाची धार बारीक असली तरी खाली बादली भरलेली असेल तर तांब्या एका झटक्यात भरतो. मधली पेटी हीच बादली. इंजिन झटक्याने ओढतं पेटीतून, आणि पेटी बाहेरून भरत राहते संथपणे.

म्हणून पेटीचा आकार महत्त्वाचा. ६ लिटरच्या पेटीतून ३५० सीसी काढली तर सुमारे ६ टक्के हवा गेली, ३ लिटरच्या पेटीतून काढली तर १२ टक्के. नळीतून भर पडतच असते, त्यामुळे दाब तितका घसरत नाही. पण लहान पेटीत चढउतार मोठे होणार हे उघड आहे. बॅटरी, टूलकिट, टाकी आणि सीटची उंची या सगळ्यांशी भांडून डिझायनरला जी जागा मिळते त्यात पेटी बसवावी लागते. माझ्या मते अनेक स्टॉक (कंपनीने दिलेल्या) एअरबॉक्सचा खरा दोष हा आहे की ते लहान आहेत. ते बंद आहेत हा दोष नव्हे. आणि पेटी काढून टाकल्याने जागा काही वाढत नाही.

तुमचे अनुभव आणि हरकती दोन्ही येऊ द्या.

---

फुल_थ्रॉटल

हिशोब छान आहे, पण पेटी काढली की सगळं आकाशच पेटी झालं ना? बाहेरची हवा अमर्याद. मग ६ लिटर आणि ३ लिटरचा वाद हवा कशाला?

आणि बादलीच हवी असेल तर तिच्या तोंडाला हा बोंडल्यासारखा स्नॉर्कल का? मोठं भोक ठेवलं असतं तर भरणंही सोपं झालं असतं. मला तर हा निव्वळ आवाज दाबण्याचा उद्योग वाटतो.

---

चौथा_स्ट्रोक

पहिला मुद्दा बरोबर आहे. पॉड फिल्टर लावला की इंजिन अमर्याद पेटीतून ओढतं, आणि वरच्या आरपीएमला काही इंजिनांत त्याचा फायदा दिसतो, हे मी नाकारत नाही. पण "अमर्याद" हवा म्हणजे निव्वळ स्थिर हवा. ती कसलीही मदत करत नाही. बांधलेली पेटी करू शकते. स्नॉर्कलबद्दल ध्वनिवेडी सांगतील, त्यांचा तो प्रांत.

---

ध्वनिवेडी

आमंत्रण दिलंत, आता लांबण ऐका.

पेटी आणि तिची नळी मिळून हेल्महोल्ट्झ रेझोनेटर होतो. नळीतली हवा म्हणजे वजन, पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग. हलकासा धक्का दिला की वजन ठरावीक वेगाने पुढेमागे झुलतं. त्या झुलण्याची फ्रिक्वेन्सी तीन गोष्टींवर ठरते. नळीचं तोंड मोठं केलं की ती वाढते, नळी लांब केली की कमी होते, पेटी मोठी केली की कमी होते. सूत्र शब्दांत सांगायचं तर: नळीचं क्षेत्रफळ भागिले (पेटीचं आकारमान गुणिले नळीची लांबी), त्याचं वर्गमूळ, आणि त्याला आवाजाच्या वेगाला दोन पायने (२π) भागून आलेल्या आकड्याने गुणायचं. नळीच्या दोन्ही टोकांशी थोडी हवा तिच्याबरोबर हलते, म्हणून लांबी प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त धरतात.

धागाकर्त्याचीच पेटी घेऊ. ६ लिटर, ३५ मिमी व्यास, १०० मिमी लांबीचा स्नॉर्कल. टोकांची दुरुस्ती धरून लांबी सुमारे १२५ मिमी. उत्तर येतं ६२ हर्ट्झच्या आसपास. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन सेकंदाला आरपीएम भागिले १२० इतक्या वेळा ओढतं. म्हणजे ६२ हर्ट्झ जुळतात सुमारे ७,४०० आरपीएमला. या जुळणीला रेझोनन्स म्हणतात.

याचा पॉवरशी संबंध असा. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागतो तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. त्या क्षणी पेटीत दाब जास्त असेल तर शेवटची थोडी हवा सिलिंडरमध्ये दामटली जाते. आरपीएम रेझोनन्सच्या खाली असताना नेमकं हेच घडतं. इंजिनाची ओढ कमी होत आली तरी स्नॉर्कलमध्ये धावत असलेली हवा लगेच थांबत नाही, पेटीत घुसत राहते, आणि व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमारास दाब चढतो. आरपीएम रेझोनन्सच्या जवळ येतील तसा हा झोका मोठा होतो. रेझोनन्स ओलांडला की वेळ चुकते. नळीतली हवा मागे पडते, आणि ओढ संपताना पेटीतला दाब तळाला असतो. टॉर्कच्या आलेखात तिथे खड्डा दिसू शकतो.

आता स्नॉर्कल उपटा. उरतं फक्त भोक. नळीची परिणामी लांबी १२५ वरून ३० मिमीवर येते आणि फ्रिक्वेन्सी जाते १२६ हर्ट्झवर, म्हणजे १५,००० आरपीएमच्या पुढे. असं इंजिन तिथे कधी पोचतच नाही. मधल्या आरपीएमला पेटी जो हातभार लावत होती तो गेला, आणि वरचा खड्डाही गेला. "खाली मेली, वर मोकळी झाली" असं लोक सांगतात त्याच्या मागे हे गणित आहे.

पेटी दुप्पट केली आणि स्नॉर्कल तसाच ठेवला तर ६२ चे ४४ हर्ट्झ होतात, म्हणजे ५,२५० आरपीएम. हातभार खाली सरकतो, आणि पेटी मोठी असल्यामुळे वरच्या खड्ड्याची खोलीही कमी होते. म्हणून मोठी पेटी हा सहसा चांगला सौदा असतो.

हे ढोबळ चित्र आहे. खरी ओढ म्हणजे गुळगुळीत लाट नव्हे, तिच्यात दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीही मिसळलेल्या असतात. मध्ये फिल्टर असतो, तो झोका थोडा दाबतो. त्यामुळे वरचे आकडे घेऊन थेट पाइप कापायला बसू नका.

---

रानवाट

वाचतेय. ध्वनिवेडी, प्रतिसाद साठवून ठेवला.

एक शंका: माझी गाडी चार सिलिंडरची आहे. तिला हेच लागू होतं का? तिचा एअरबॉक्स टाकीखाली आहे आणि चांगला ऐसपैस आहे.

---

ध्वनिवेडी

चार सिलिंडर समान अंतराने ओढत असतील तर फ्रिक्वेन्सी आरपीएम भागिले ३०. तीच ६२ हर्ट्झची पेटी तिथे १,८६० आरपीएमला जुळेल, म्हणजे आयडलच्या थोडंसं वर. प्रत्यक्षात चार सिलिंडरला नळ्या मोठ्या देतात, त्यामुळे आकडा वर जातो. तरी गाडी बहुतेक वेळ रेझोनन्सच्या वरच चालते. चार तोंडं आळीपाळीने ओढत असल्यामुळे प्रवाहही बराच सलग होतो. म्हणून तिथे पेटीचं मुख्य काम साठ्याचं, आणि ट्यूनिंगचं काम प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र फनेलकडे (हवा आत घेणाऱ्या नरसाळ्यासारख्या नळीकडे). फनेल लांब की टॉर्क खालच्या आरपीएमला, आखूड की वर. २००७ च्या यामाहा आर१ मध्ये तर मोटरने फनेलची लांबी चालता चालता बदलायची सोय दिली होती.

व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर) दोन ओढींमधलं अंतर विषम असतं, तिथे हे सगळं आणखी किचकट होतं. त्यात आता शिरत नाही.

---

जेट_नीडल

फनेलचा विषय निघालाच आहे तर पेटीच्या आतल्या एका तपशिलाकडे लक्ष वेधतो, कारण पॉड फिल्टरवाले तो हमखास विसरतात.

कार्बच्या (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) किंवा इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी हवा कशी शिरते त्यावर तोटा ठरतो. पातळ धारेची नळी हवेत नुसती पुढे आलेली असेल तर शिरतानाचा तोटा वेगदाबाच्या (हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या) सुमारे ०.८ पट. भिंतीशी सपाट असेल तर ०.५. कडा व्यवस्थित गोलाकार असेल तर ०.०५ च्याही खाली. फ्लुइड मेकॅनिक्सच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे आकडे असतात. स्टॉक एअरबॉक्समधला रबरी बूट आत घंटेसारखा उघडलेला असतो तो यासाठी. बूट काढून कार्बच्या तोंडावर क्लॅम्पने पॉड आवळला की हवा थेट धारदार कडेवरून वळते. मोकळं केलं म्हणता म्हणता एक अडथळा नवा लावला.

त्या घंटेसमोर मोकळी जागाही हवी. झाकण किंवा फिल्टर फार जवळ आला तर गोलाईचा उपयोग कमी होतो. निदान तोंडाच्या अर्ध्या व्यासाइतकी जागा ठेवा असा ढोबळ नियम आहे, पूर्ण व्यासाइतकी मिळाली तर उत्तम.

आता कार्ब. सीव्ही कार्बमध्ये स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) वर उचलते ती दाबातल्या फरकामुळे. तिला जोडलेल्या डायफ्रॅमच्या (रबरी पडद्याच्या) वर व्हेंच्युरीतला (कार्बच्या अरुंद गळ्यातला) कमी दाब आणि खाली एअरबॉक्सकडचा दाब. एअरबॉक्समध्ये तो दाब स्थिर असतो. पॉड लावला की चालत्या गाडीवरचा वारा, पायाची हालचाल, शेजारून गेलेला ट्रक, सगळं डायफ्रॅमखालच्या छिद्रापर्यंत पोचतं. स्लाइड फडफडते, मिक्स्चर हलतं, आणि मालक मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) बदलत बसतो. मेन जेटने हा रोग जात नाही. साध्या स्लाइडच्या कार्बला हा त्रास कमी.

---

फुल_थ्रॉटल

कार्ब सोडा हो, आता सगळं इंजेक्शन आहे. ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) आपोआप जुळवून घेतो.

आणि तुम्ही काहीही गणित मांडा, स्नॉर्कल काढल्यावर माझी गाडी खरंच जास्त झेपावते. थ्रॉटल पिळला की कळतं ना.

---

ओटू_सेन्सर

"आपोआप" या शब्दाखाली बरंच काही दडपलं जातं.

साध्या मोटरसायकलवरचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. हवा आणि पेट्रोलच्या १४.७ ला १ या गुणोत्तराच्या अलीकडे आहोत की पलीकडे एवढंच तो सांगतो. ईसीयू त्याचं ऐकतो ते हलक्या थ्रॉटलला, सलग वेगात. थ्रॉटल पूर्ण उघडला की सेन्सर बाजूला राहतो आणि ईसीयू छापील नकाशावर (इंधनाच्या आधीच ठरलेल्या तक्त्यावर) चालतो. पूर्ण पॉवरला मिक्स्चर १२.५ ते १३ च्या आसपास हवं असतं, आणि तिथे हा सेन्सर उपयोगाचा नाही. म्हणजे जिथे एअरबॉक्स बदलल्याचा परिणाम सर्वात जास्त, नेमकं तिथेच आपोआप काही होत नाही.

इंधन मोजण्याची पद्धतही पाहा. ईसीयू फक्त थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम बघत असेल तर एअरबॉक्स बदललाय हे त्याला कळायला मार्गच नाही. मॅनिफोल्डचा (थ्रॉटल आणि इंजिनामधल्या नळीचा) दाब मोजणारी पद्धत थोडी सावरून घेते. पण त्या दाबाला सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो याचा तक्ता जुन्या पेटीसाठी बनलेला असतो. पेटीची लय बदलली की तो तक्ता काही आरपीएमला चुकतो, काहींना नाही. मग एका जागी लीन (पेट्रोल कमी), दुसऱ्या जागी रिच (पेट्रोल जास्त). "सरसकट ५ टक्के इंधन वाढवा" छाप डबी याला पुरत नाही. वाइडबँड (प्रत्यक्ष गुणोत्तर मोजणारा सेन्सर) लावून आरपीएमनिहाय रिमॅप करावा लागतो, म्हणजे नकाशा नव्याने भरावा लागतो.

झेपावण्याबद्दल म्हणाल तर स्नॉर्कल काढल्यावर इनटेकचा आवाज थेट तुमच्या मांड्यांखालून येतो. कानाला तो वेग वाटतो. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. २०२२ च्या यामाहा एमटी-१० मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या तीन इनटेक नळ्या आणि टाकीवर आवाज चालकापर्यंत पोचवणाऱ्या जाळ्या दिल्या आहेत. आवाज हवा असेल तर त्यात गैर काही नाही, पण त्याला पॉवर म्हणू नका.

---

फुल_थ्रॉटल

म्हणजे माझे कान खोटं बोलतात. बरं.

मग हे तरी सांगा, आवाजाच्या नियमांमुळे कंपन्या गळा आवळतात हे खोटं का?

---

चौथा_स्ट्रोक

अजिबात खोटं नाही. ही तुमची हरकत सर्वात वजनदार आहे आणि पेटीच्या समर्थकांनी ती झटकू नये. संयुक्त राष्ट्रांच्या ४१ व्या नियमावलीत ताकदवान मोटरसायकलींना जवळून जाताना ७७ डेसिबलची मर्यादा आहे, लहान गाड्यांना त्याहून कमी. सायलेन्सर चांगला झाला की पुढचा मोठा आवाज इनटेकचाच उरतो. तो कमी करायला स्नॉर्कल लांब आणि अरुंद करतात, आत आडव्या भिंती घालतात, पेटीच्या पातळ बाजू थरथरू नयेत म्हणून त्यांना फासळ्या देतात. फासळ्यांनी पॉवरचं काही बिघडत नाही, पण अरुंद स्नॉर्कल वरच्या आरपीएमला खरोखर अडवतो.

म्हणून गाडीगणिक उत्तर वेगळं येतं. काही स्टॉक स्नॉर्कल टॉर्कसाठी आखलेले असतात, काही निव्वळ आवाजाच्या चाचणीसाठी बारीक केलेले. बाहेरून बघून फरक कळत नाही. काही सुपरस्पोर्टमध्ये पेटीच्या तोंडाला झडप असते, खालच्या आरपीएमला बंद आणि वर उघडी. एकाच झडपेत आवाजाची चाचणीही पास होते आणि खालचा टॉर्कही टिकतो. ती झडप कायमची उघडी बांधून ठेवणारे महाभाग आहेत, त्यांनी ध्वनिवेडींचा प्रतिसाद पुन्हा वाचावा.

---

वारा_पुढून

रॅम एअरबद्दल कोणी काहीच बोललं नाही? तोंडापुढे डक्ट दिला की हवा आपसूक दाबून भरते. छोट्या गाड्यांनाही टाकीच्या बाजूने स्कूप लावलेले दिसतात.

---

ओटू_सेन्सर

रॅम एअर खरी गोष्ट आहे, फक्त ती वेगाच्या वर्गाने वाढते. समोरचा वारा पूर्ण थांबवून जास्तीत जास्त किती दाब मिळेल ते पाहा. ताशी १०० किमीला वातावरणाच्या अर्धा टक्काही नाही. २०० ला पावणेदोन-दोन टक्के. ३०० ला ४ टक्क्यांच्या थोडं वर. ही कमाल मर्यादा आहे. वळणं, जाळी आणि फिल्टरमधून जाताना त्यातलं काही गळतं.

कावासाकीने १९९० च्या झेडझेडआर-११०० मध्ये रस्त्यावरच्या गाडीला पहिल्यांदा रॅम एअर दिली. २०२१ च्या झेडएक्स-१०आरला कंपनी दोन आकडे देते: २०३ पीएस, आणि रॅम एअरसह २१३.१ पीएस. फरक ५ टक्क्यांचा, म्हणजे तुफान वेगाला भौतिकशास्त्र जे देईल त्याच्याशी जुळणारा. छोट्या गाडीच्या स्कूपमधून दाब मिळत नाही. मिळालीच तर थंड हवा मिळते, आणि ती खरं तर जास्त मोलाची.

कारण असं: हवेचं तापमान दर ३ अंश सेल्सिअसने वाढलं की घनता साधारण १ टक्क्याने घटते. रेडिएटरमागची किंवा सिलिंडरच्या फिन्सवरून आलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा १५ अंश गरम असेल तर ५ टक्के ऑक्सिजन गेला. म्हणजे त्या झेडएक्स-१०आरने ताशी ३०० च्या पुढे जाऊन कमावलेलं सगळं तुम्ही सिग्नलवर उभ्या उभ्या गमावलंत. पॉड फिल्टर बहुतेक गाड्यांत नेमका इंजिनाच्या मागे, त्याच गरम हवेत लटकतो. स्टॉक स्नॉर्कलचं तोंड कुठे आहे ते एकदा बघा. बहुधा ते सीटखाली किंवा टाकीपुढे, इंजिनापासून दूर वळवलेलं असतं.

---

जेट_नीडल

रॅम एअर आणि कार्ब एकत्र आले की काय होतं तेही सांगून ठेवतो. पेटीत दाब वाढला आणि फ्लोट बाउल (कार्बमधली पेट्रोलची वाटी) बाहेरच्या हवेला उघडा राहिला तर जेटमधून पेट्रोल ढकलणारा दाबातला फरक कमी होतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, गाडी लीन. म्हणून अशा गाड्यांत फ्लोट बाउलच्या व्हेंटच्या नळ्या एअरबॉक्सशी जोडलेल्या असतात. सर्व्हिसिंगनंतर ती नळी लोंबकळत राहिली तर गाडी कमी वेगात ठीक चालते आणि जास्त वेगात मार खाते. शोधणारा वेडा होतो.

---

रानवाट

मी मातीतल्या वाटांवरही फिरते, म्हणून धुळीची बाजू मांडते. ती सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महाग.

फिल्टरचा कागद किंवा फोम जितका मोठा तितका हवेचा वेग कमी, तितका अडथळा कमी आणि धूळ पकडायला वेळ जास्त. पेटीच्या आत मोठा चुण्यांचा फिल्टर बसतो, पॉडमध्ये त्याच्या तुलनेत क्षेत्रफळ बहुधा कमीच. शिवाय पेटीत शिरताना हवा वळते, संथ होते, त्यामुळे जड कण आणि पाणी खाली बसतं आणि तळाच्या ड्रेन नळीतून निघतं. पॉडला ही सवलत नाही. पुढच्या गाडीने उडवलेला चिखल थेट त्याच्या अंगावर.

काही बारीकसारीक: तेल लावलेला कागदी फिल्टर धुऊ नका, त्यावर हवाही मारू नका, बदला. फोमचा फिल्टर धुता येतो, पण पूर्ण वाळल्यावर तेल सगळीकडे सारखं मुरलं पाहिजे. पेटीचं झाकण बसतं त्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. फिल्टर कितीही भारी असला तरी कडेच्या फटीतून गेलेली वाळू पिस्टन रिंगचं जे करायचं ते करतेच. आणि झाकणाला भोकं पाडणाऱ्यांनो, ती फिल्टरच्या कुठल्या बाजूला पडतायत हे ड्रिल चालवण्याआधी बघा, एवढंच.

मोटोक्रॉसमध्ये यामाहाने २०१० च्या वायझेड४५०एफमध्ये सिलिंडर हेडच उलटं फिरवलं होतं. इनटेक पुढून, एक्झॉस्ट मागून, आणि एअरबॉक्स जिथे एरवी टाकी असते तिथे. मागच्या चाकाच्या धुळीपासून दूर, आणि इंजिनात शिरायला जवळजवळ सरळ वाट. पेटीसाठी सिलिंडर हेड उलटं फिरवणं यावरून तिचं वजन कळावं.

---

वारा_पुढून

शेवटचं उदाहरण माहीत नव्हतं. आभार.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी भर: ऐंशीच्या दशकात यामाहा काही टू-स्ट्रोक गाड्यांच्या इनटेक पाइपला बाजूने एक छोटी बंद बाटली जोडायची. वायईआयएस नाव होतं. व्हॉल्व्ह बंद असताना धावत आलेली हवा त्या बाटलीत शिरते आणि पुढच्या ओढीला परत मिळते. लोक तिला शोभेची वस्तू समजून काढून टाकायचे.

---

फुल_थ्रॉटल

ठीक आहे, मी तलवार अर्धी म्यान करतो. पण मला मोजायचंय. डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) नेऊन दोन्ही रन काढले की झालं ना? स्नॉर्कलसह आणि विना.

---

ओटू_सेन्सर

डायनो उत्तम, काही पथ्यं पाळून. दोन्ही रन एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, इंजिनाचं तापमान सारखं असताना. हवेच्या तापमानाची आणि दाबाची दुरुस्ती दोन्हींना एकच लावलेली असावी. प्रत्येक मांडणीचे किमान तीन रन घ्या. एकाच मांडणीचे तीन रन आपसात २ टक्क्यांनी हलत असतील तर १ टक्क्याच्या "वाढी"ला अर्थ नाही. आणि कमाल पॉवरचा आकडा बघू नका, पूर्ण आलेख एकावर एक ठेवून बघा. स्नॉर्कलचा खेळ मध्ये चालतो, टोकाला नाही. डायनोचा पंखा रस्त्यावरचा वारा देत नाही, त्यामुळे रॅम एअरचं मोजमाप तिथे होत नाही.

त्याहून स्वस्त आणि जास्त बोलकी चाचणी म्हणजे पाण्याची यू नळी. पारदर्शक नळीत रंगीत पाणी घ्या, एक टोक उघडं ठेवा, दुसरं पेटीच्या स्वच्छ बाजूच्या एखाद्या निपलला जोडा. सेकंडरी एअरची (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी) नळी जिथे पेटीला जुळते ती जागा चालते. ती नळी चाचणीपुरती काढून तिचं टोक बुजवा. मध्ये एखादा बारीक जेट बसवा, नाहीतर ओढीच्या ठोक्यांनी पाणी नाचत राहील आणि काही वाचता येणार नाही. नळीचा एक वेटोळा पेटीच्या बराच वर न्या, पाणी इंजिनात जाता कामा नये. १० सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या १ टक्का.

पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला वाचा. २-३ सेंटीमीटर फरक दिसला तर पेटीचं तोंड आणि फिल्टर मिळून पाव टक्का दाब खातायत, आणि "गळा आवळलाय" हा आरोप तुमच्या गाडीपुरता निकालात. १५-२० सेंटीमीटर दिसला तर तुमचं म्हणणं बरोबर. मग फिल्टर काढून पुन्हा एकदा वाचा, फक्त डायनोवर आणि थोडाच वेळ, म्हणजे दोष फिल्टरचा की स्नॉर्कलचा तेही कळेल.

---

ध्वनिवेडी

यात एक भर. यू नळी सरासरी दाब सांगते, झोका सांगत नाही. सरासरी उत्तम असूनही मधल्या आरपीएमला खड्डा असू शकतो. तो डायनोच्या आलेखावरच दिसेल. दोन्ही लागतील.

सरासरी वाईट निघालीच तर स्नॉर्कल उपटू नका, तो मोठा करा. व्यास ३५ वरून ४० मिमी केला तर क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढतं. लांबीही त्याच प्रमाणात वाढवली तर रेझोनन्स जवळपास जागच्या जागी राहतो: मधला हातभार तोच, वरचा अडथळा कमी. मूळ स्नॉर्कल नीट जपून ठेवा आणि नवा वेगळा बनवा. आतल्या टोकाला गोलाई द्यायला विसरू नका.

---

फुल_थ्रॉटल

४० मिमीचा पाइप बसेल, पण १३० मिमी लांबी सरळ मावत नाही. वाकवला तर चालेल का?

---

ध्वनिवेडी

चालेल. मोठ्या त्रिज्येचं वळण घ्या, कोपरा नको. लांबी मधल्या रेषेवरून मोजा. आणि आतलं टोक फिल्टरला टेकू देऊ नका.